शनिवारचे काप

साईंना पात्याची धार कानांनी कळे. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला ते चहा पीत बसलेले असत आणि यंत्रावर दुसरेच कोणी काप घेत असे. हँडल फिरे, गोठवलेला अवयव पात्यावरून जाई, आणि साईं कप खाली न ठेवता म्हणत, "पाता बदल. रडतोय तो." पाते काढून भिंगाखाली धरले की कडेला केसाएवढी खाच सापडे. चार वर्षांत हा अंदाज चुकल्याचे मी एकदाही पाहिले नाही.

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यामागे ही प्रयोगशाळा होती. औषध कंपन्या चाचणीसाठी वापरलेल्या उंदरांचे अवयव आमच्याकडे पाठवत. त्यांचे केसाहून पातळ काप घ्यायचे, काचेवर चिकटवायचे, रंगवायचे आणि अहवालासह परत पाठवायचे, हा तिथला धंदा. मी आधी वर्तमानपत्रात होतो. ते बंद पडल्यावर इथे अहवाल लिहिण्याची नोकरी धरली. साईं काप विभागाचे प्रमुख होते. सिंधी माणसाला आदराने साईं म्हणण्याची रीत आहे. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत, आणि त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकात उरले होते. मला ते "पेपरवाले" म्हणत. पेपर बंद पडल्याला किती वर्षे झाली, याचा त्यावर काही परिणाम झाला नाही.

त्यांचा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. वडील फाळणीनंतर तिथल्या लष्करी बराकीत आले आणि कापड कापण्याच्या कामाला लागले. साईंनी दहावीनंतर शाळा सोडली आणि जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर झाले. कापडाचे थर एकावर एक रचून, खालचा थर तसूभरही न सरकू देता एका रेषेत कापायचे. आमचे मालक पूर्वी एका रासायनिक कारखान्यात अधिकारी होते. स्वतःची प्रयोगशाळा काढताना त्यांना स्थिर हाताचा माणूस हवा होता आणि कोणीतरी साईंचे नाव सुचवले. मुलाखतीत मालकांनी सांगितले, "इथे कापड नाही. किडनी, लिव्हर, मेंदू कापायचा आहे." साईंनी विचारले, "सरळ का तिरपा?" मालकांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

कापडाचा हिशेब त्यांनी अवयवांनाही लावला. कापडाला सुलटी आणि उलटी बाजू असते, म्हणून कटिंग मास्टर उलट्या बाजूवर खडूने खूण करतो. साईं प्रत्येक मेंदूला उजव्या अर्ध्यात, खालच्या बाजूला सुईने एक भोक पाडत. त्यामुळे काप पाण्यात तरंगताना पालथा झाला तरी कोणती बाजू कोणती ते कळे. नवा माणूस हे भोक विसरला की त्याला ऐकून घ्यावे लागे. "शर्ट उलटा घालून ये, मला चालेल. हे नाही चालणार. उंदीर सांगायला येणार नाही, की माझा उजवा हात कोणता." हे ते कधी आवाज चढवून म्हणत नसत. म्हणून ते जास्त लागे.

मेंदूंचे काम आले ते मुंबईतल्या एका संशोधन संस्थेकडून. तिथल्या एक शास्त्रज्ञ गर्भात मेंदू कसा उभा राहतो याचा अभ्यास करत होत्या. आम्ही त्यांना डॉक्टरबाई म्हणत असू. अहवाल लिहायचा तर विषय समजायला हवा, म्हणून मी त्यांना फोन केला. त्यांनी सांगितले ते असे. मेंदूच्या पेशी जिथे कायमच्या राहतात तिथे जन्मत नाहीत. त्या आतल्या पोकळीलगत तयार होतात आणि तिथून बाहेरच्या सालीकडे सरकत जातात. आधी निघालेल्या पेशी आधी वस्ती करतात. नंतरच्या त्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. कोणी कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे, हे काही प्रथिने ठरवतात. त्यांतले रीलिन सर्वांत परिचित. ते नसेल तर थरांचा क्रमच बिघडतो. वाटेत अडकलेल्या पेशींमुळे काही मुलांना लहानपणापासून झटके येतात, काहींना शिकणे जड जाते. डॉक्टरबाई दुसऱ्या एका प्रथिनाच्या मागे होत्या. त्याला धड नाव नव्हते, नुसती अक्षरे आणि आकडे होते. ते प्रथिन नसलेली उंदरांची पिल्ले आणि ते असलेली साधी पिल्ले, दोघांच्या मेंदूंची त्यांना तुलना करायची होती.

साईंनी तेच दोन मिनिटांत सांगितले. "पेपरवाले, सोपं आहे. पहिले लोक उल्हासनगरला उतरले. ते भरलं. मग आले ते अंबरनाथला गेले. ते भरलं, तर बदलापूर. आता वांगणी. नंतरचा माणूस पहिल्याच्या घरासमोरून जातो आणि पुढे जाऊन राहतो. भेज्यात तेच आहे."

"आणि ते प्रथिन?"

"माझा बाप बराकीत आला ना, तेव्हा यादी घेऊन एक माणूस उभा होता. तू इकडे, तू तिकडे. तो नसता तर सगळे स्टेशनावरच बसून राहिले असते."

मी हे अहवालात घातले नाही. डॉक्टरबाईंना मात्र सांगितले. त्यांनी ते पुढच्या व्याख्यानात वापरले.

कल्पना त्याच सुमारास आली. बारवी धरणापलीकडच्या एका पाड्यातली, एमएस्सी झालेली, आमच्याकडे वर्षभराच्या करारावर. पहिल्याच दिवशी साईंनी तिला ओला काप कुंचल्याने उचलायला दिला. हा काप ओल्या टिश्यू पेपरहून नाजूक असतो आणि बहुतेकांचे पहिले वीस तरी फाटतात. तिचा तिसरा काप अखंड काचेवर बसला.

"कुठे शिकलीस?"

"आवणीला. भाताची रोपं उपटताना मूळ तुटलं, तर आई पाठीत घालायची."

साईंनी डबा उघडला आणि तिच्यापुढे दाल पकवान सरकवले. कोणाला आपल्या डब्यातले देण्याचा हा प्रकार आम्ही प्रथमच पाहत होतो. ती त्यांना साईं म्हणे, ते तिला बेटा म्हणत, आणि कामावरून दोघे दिवसभर भांडत. "साईं, तुमचा चष्मा बदला, हा काप दुमडलाय." "बेटा, काप ठीक आहे, तुझी मान दुमडलीय."

काप रंगवून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम कल्पनाचे होते. या रंगाने ठरावीक पेशी हिरव्या चमकतात. साध्या पिल्लांच्या मेंदूत हिरव्या पेशींचा पट्टा वर, सालीलगत दिसत होता. प्रथिन नसलेल्या पिल्लांत तो पट्टा विरळ होता आणि बऱ्याच पेशी मध्येच, वाटेत, दिसत होत्या. कल्पनाने आठवडाभर कोणाला सांगितले नाही. मोजून, पुन्हा मोजून मग डॉक्टरबाईंना फोन केला. डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन पाहिले आणि जाताना म्हणाल्या, "हे टिकलं, तर तू माझ्याकडे पीएचडीला येशील. एक जागा आहे माझ्याकडे." कल्पनाचा करार मार्चमध्ये संपत होता. त्यानंतरची दुसरी सोय तिच्याकडे नव्हती.

महिन्याभराने डॉक्टरबाई पुन्हा आल्या तेव्हा चेहरा वेगळा होता. त्यांच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याने शंका काढली होती. कांदा तिरपा कापला की पाकळी जाड आणि लांब दिसते. तसाच मेंदूचा काप तिरपा गेला, तर थर पसरतो आणि वर पोचलेल्या पेशीही वाटेत थांबल्यासारख्या दिसतात. या पेशी खरोखर थांबल्या आहेत, की पाते तिरपे गेले?

मालक म्हणाले, "साईंचा हात तिरपा जाणं शक्य नाही. वीस वर्षं ओळखतो मी त्यांना."

कल्पनाही म्हणाली, "माझाही त्यावर भरवसा आहे."

साईंनी दोघांकडे पाहिले. "तुमच्या भरवशाने काप सरळ होतो का? बघायला पाहिजे."

त्यांनी सगळ्या काचा कपाटातून काढल्या आणि प्रकाशपेटीवर क्रमाने मांडल्या. मेंदूचे दोन अर्धे सारखे असतात. काप सरळ असेल, तर डाव्या अर्ध्यात दिसणारी प्रत्येक खूण त्याच कापात उजवीकडेही दिसायला हवी. साईं भिंग घेऊन दोन दिवस ते ताडून पाहत होते. साध्या पिल्लांच्या काचा ठीक निघाल्या. प्रथिन नसलेल्या पिल्लांच्या काचांमध्ये डावी बाजू उजवीच्या दोन-तीन काप पुढे होती. साईंनी कापांची नोंदवही मागवली. तिरप्या निघालेल्या प्रत्येक मेंदूपुढे त्यांच्याच अक्षरात एकच वार होता. शनिवार.

कारण त्यांच्याच शिस्तीत होते. शुक्रवार हा वसाहतीच्या सुट्टीचा वार. शनिवारी सकाळी आल्याआल्या काम सुरू करता यावे म्हणून साईं गुरुवारी संध्याकाळीच मेंदू चकतीवर गोठवून यंत्राच्या आत बसवून जात. ही सवय त्यांनी सगळ्या विभागाला लावली होती आणि तिचे कौतुकही होत असे. संस्थेची गाडी सोमवारी साध्या पिल्लांचे मेंदू आणून देई आणि गुरुवारी प्रथिन नसलेल्यांचे. त्यामुळे कोणाच्याही मनात नसताना एक जात आठवड्याच्या मधल्या दिवसांत कापली जात होती आणि दुसरी शनिवारी.

पुढच्या शुक्रवारी साईं सुट्टी असूनही आले. मी आणि कल्पना त्यांच्यासोबत होतो. त्यांनी कामाच्या बाहेरचा एक उंदराचा मेंदू आदल्या संध्याकाळी नेहमीसारखा यंत्रात ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज काही तास बंद असे. जनरेटर होता, पण तो मोठ्या शीतपेट्यांना जोडलेला. काप घेण्याच्या यंत्राला नव्हता, कारण शुक्रवारी काप घेतले जात नसत. अकराच्या सुमारास वीज गेली. साईंनी काचेतून दिसेल असा आत तापमापक लावला होता. पारा उणे विसावरून चढत उणे तीनवर आला. चकतीवर मेंदूला धरून ठेवणारा गोठलेला गोळा ओलसर चमकू लागला आणि मेंदू बसल्या जागी डुलकी लागल्यासारखा एका अंगावर कलला. चारनंतर वीज आली. संध्याकाळपर्यंत यंत्र पुन्हा उणे विसावर होते आणि मेंदू त्या कललेल्या स्थितीत दगडासारखा गोठला होता. शनिवारी सकाळी तापमानाचा आकडा पाहून कोणालाही काही कळले नसते.

"पाता सरळच होता," कल्पना म्हणाली.

"पाता सरळ होता. मेंदू झोपला होता. आणि झोपवला मी."

मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी दार लावून घेतले. संस्थेचे काम गेले असते, आणि औषध कंपन्यांच्या कानावर गेले तर त्याहून अधिक. "साईं, वायर टाकू, पुन्हा कापू, नवा निकाल देऊ. मागचं उगाळायची काही गरज आहे का?" साईंनी टेबलावरचा फोन उचलून डॉक्टरबाईंना लावला आणि स्पीकर चालू केला. "मॅडम, शनिवारचे सगळे काप खोटे आहेत. चूक माझी आहे. साहेबांची नाही, पोरीची तर बिलकुल नाही."

कल्पना मात्र चिडली. हे भांडण तिने सगळ्यांसमोर केले. "तुमचं तोंड बंद राहिलं असतं, तर काय बिघडलं असतं? नवे काप घेऊन बघितलं असतं ना आधी. आता त्या म्हणतील, सगळंच खोटं."

"गप राहिलो असतो. मग जन्मभर तू तेच बघत बसली असतीस. पेशी थांबली की मेंदू झोपला."

"मला नाय ती जागा मिळत आता."

"नाही मिळाली तर माझ्या नावाने शिव्या दे. पण खोट्या कापावर मिळाली असती, तर कोणाच्या नावाने दिल्या असत्या?"

ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दाल पकवानाचा डबा मात्र रोज तिच्या बाजूला सरकत राहिला आणि रिकामा परत जात राहिला.

डॉक्टरबाईंनी काम काढून घेतले नाही. त्यांनी नवे मेंदू पाठवले, दोन्ही जातींचे मिसळून, आणि डब्यांवर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ते त्यांच्याकडे बंद पाकिटात. मालकांनी जनरेटरची वायर यंत्रापर्यंत आणली. तरीही साईंनी सोमवार, मंगळवार आणि बुधवार सोडून एकही काप घेतला नाही. प्रत्येक मेंदूचा दोन्ही बाजूंचा मेळ आधी स्वतः तपासला, मग कल्पनाला दिला. बसला नाही तो मेंदू बाद. ती अंधाऱ्या खोलीत बसून मोजत होती आणि प्रत्येक क्रमांकापुढे एकच शब्द लिहीत होती, "पोचल्या" किंवा "अडकल्या". मार्च संपायला दहा दिवस होते.

पाकीट उघडायला डॉक्टरबाई अंबरनाथला आल्या. मालक, साईं, कल्पना, मी आणि त्या, असे टेबलाभोवती बसलो. कल्पनाने आपला कागद पुढे ठेवला. डॉक्टरबाई एक क्रमांक वाचत, पाकिटातल्या यादीत पाहत आणि सांगत. "चार." "अडकल्या." "प्रथिन नाही." "पाच." "पोचल्या." "साधं पिल्लू." "सहा." "अडकल्या." "प्रथिन नाही." निम्म्यावर आल्यावर मालकांनी खुर्ची पुढे ओढली. शेवटच्या क्रमांकापर्यंत एकही उत्तर चुकले नाही. तिरप्या कापाने जेवढे दाखवले होते त्याहून फरक थोडा कमी होता, पण तो होता, सरळ कापात होता, आणि जिथे असायला हवा तिथेच होता. डॉक्टरबाईंनी यादी कल्पनाच्या हातात दिली. "एक तारखेला ये. कागदपत्रं घेऊन ये."

कल्पना बाहेर गेली. पाड्यात फोनला रेंज नसते, म्हणून तिने भावाला त्या वेळी धरणाजवळच्या रस्त्यावर येऊन थांबायला सांगितले होते. दार उघडे होते आणि तिचा आवाज आत येत होता.

"दादा, बरोबर आलं."

भावाने काहीतरी विचारले असावे.

"सगळंच बरोबर आलं. पेशी खरंच थांबतात." मग थोडे थांबून, "नाय, अजून जेवले नाय. आता जेवते."

मालकांनी शिवमंदिराजवळच्या दुकानातून पेढे मागवले होते. ते यायच्या आत कल्पनाने साईंना हाताला धरून अंधाऱ्या खोलीत नेले. काप विभागातल्या माणसाने तिथे जाऊ नये असा नियम नव्हता. त्यांना इतक्या वर्षांत कोणी बोलावले नव्हते, एवढेच. हजारो काप घेणाऱ्या त्या माणसाने रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना कधी पाहिला नव्हता. त्यांना माहीत होती ती काचेवरची पांढुरकी पापुद्री. कल्पनाने साधा मेंदू लावला. काळ्या पार्श्वभूमीवर वर एक दाट हिरवा पट्टा, त्याखाली मोकळी जागा. साईं डोळा लावून बसले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"इतके सुंदर असतात, आणि मला सांगितलं नाही कोणी."

"तुम्ही विचारलं नाय."

"दुसरा लाव. अडकलेला."

तो पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि एवढेच विचारले, "याच्यावर औषध कधी काढणार तू?" कल्पना म्हणाली, आधी पीएचडी तर होऊ द्या. साईं म्हणाले, "मी घाई नाही करत. फक्त विचारलं."

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा साईंचे नावही लेखकांत घातले गेले. साईंनी एक अट घातली. शनिवारची चूक छापली पाहिजे. डॉक्टरबाईंनी समजावले, की जुने काप वापरलेलेच नाहीत, तेव्हा ते लिहिण्याची पद्धत नाही. मालकांनी तर हात जोडले. साईं म्हणाले, "नाव काढा हवं तर. पण ते छापा. दुसऱ्या कुणाच्या कारखान्यातसुद्धा शुक्रवार असेल." निबंधाच्या पद्धतीच्या भागात एक लहान परिच्छेद आला. वीज खंडित झाल्यास यंत्रातला मेंदू कसा कलतो आणि दोन्ही बाजूंचा मेळ घेऊन ते कसे ओळखावे. तो परिच्छेद मी लिहिला आणि साईंनी माझ्याकडून मराठीत तीनदा वाचून घेतला. औषध कंपन्यांपैकी एकीनेही काम काढून घेतले नाही. दोन कंपन्यांनी उलट त्या तपासणीची पद्धत लेखी मागवली.

साईं पुढच्या वर्षी निवृत्त झाले. कल्पनाची पीएचडी पूर्ण झाली आणि आता ती त्याच संस्थेत दुसऱ्या एका प्रथिनावर काम करते. काप स्वतःच घेते. पाते रडू लागले, की तिच्याही आता लक्षात येते म्हणे. मी ते तपासलेले नाही.

साईंना शेवटचे भेटलो ते कॅम्प पाचमधल्या त्यांच्या घरी. तब्येत खालावली होती, आवाज बारीक झाला होता, पण बसून चहा पीत होते. मी एक पत्र घेऊन गेलो होतो. दुसऱ्या राज्यातल्या एका लहान प्रयोगशाळेने निबंध वाचून डॉक्टरबाईंना लिहिले होते. त्यांचे निकाल वर्षभर एकमेकांशी जुळत नव्हते आणि कारण सापडत नव्हते. परिच्छेद वाचून त्यांनी यंत्रात तापमापक लावला. त्यांच्याकडेही आठवड्यातून एक दिवस, सुट्टीच्या वारी, वीज जात होती. पत्राच्या शेवटी त्यांनी साईंचे नाव लिहून आभार मानले होते. मी ते मराठी करून वाचले. साईंनी डोळे मिटून ऐकले.

"त्यांच्याकडे कोणत्या वारी जाते?"

"मंगळवारी."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग बसलात काय, पेपरवाले. आत्ताच्या आत्ता लिहा त्यांना. बुधवारचे सगळे फेकून द्या म्हणावं."